आगपेटीतल्या बावीस पिना

विषारी वायू घरात शिरू नये म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावायची होती आणि घरातली पट्टी संपली होती. लेकीच्या दप्तरात एखादं उरलंसुरलं रीळ मिळेल म्हणून सकिनाबाईंनी ते उघडलं. पट्टी मिळाली नाही. एक आगपेटी मिळाली. तिच्यात काड्या नव्हत्या, स्टेपलरच्या पिना होत्या. वापरून काढलेल्या, पण प्रत्येकीचे वाकडे पाय परत सरळ केलेल्या. बावीस.

दप्तरात जीवशास्त्राचं दहावीचं पुस्तक होतं, आणि ते नको त्या धड्यापाशी आपोआप उघडत होतं. पुस्तकाच्या खाली एक व्हिडिओ कॅसेट होती. तिच्या कडेला जर्मन अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दम्मामजवळच्या त्या कंपाउंडमधल्या सगळ्या भारतीय घरांना ही बातमी कळली. जानेवारी १९९१ चा शेवटचा आठवडा होता. आठवड्यातून दोन-तीन वेळा भोंगा व्हायचा. लोक ओले टॉवेल घेऊन पट्ट्या मारलेल्या खोलीत बसायचे, आणि धहरानच्या हवाई तळावरून विमानं एवढी खालून जायची की कपाटातली भांडी किणकिणायची. अशा दिवसांतही, एका पंधरा वर्षांच्या मुलीने बावीस पिना काढल्या हीच या लोकांना खरी आपत्ती वाटली.

नूपुरला त्या पिना कुठून आल्या हे नेमकं माहीत होतं. ती बावीस वर्षांची होती. पुण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि जुनं रसायनशास्त्र मुळातून वाचायचं तर जर्मन हवं, असं एका सरांनी सांगितल्यामुळे तीन वर्षं जर्मनही शिकली होती. निकालानंतर ती वडिलांकडे सौदीला आली. आई मामाच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली आणि तिकडेच अडकली. आखाती युद्ध सुरू झालं, इंडियन स्कूल बंद झालं. तेव्हा कंपाउंडच्या वेल्फेअर कमिटीने ठरवलं की दहावीच्या अकरा मुलांना सायन्स नूपुरने शिकवावं. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये होती. होईल की नाही ते कोणी सांगत नव्हतं, पण होणार नाही असंही कोणी सांगत नव्हतं.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी विभावरीकाकू ऑफिसचा मोठा स्टेपलर घेऊन आल्या. खळदकर साहेब कमिटीचे चेअरमन आणि विभावरीकाकू त्यांच्या पत्नी. कमिटीच्या व्हिडिओ लायब्ररीचं आणि समस्त बालगोपाळांच्या चारित्र्याचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी अकराही पुस्तकं समोर ओढली, प्रजननाचा धडा तिन्ही बाजूंनी टाके घातल्यासारखा बंद केला आणि म्हणाल्या, "आता निश्चिंत शिकव."

नूपुरने पुस्तकांचा गठ्ठा उचलून ठेवला. पुढे तो धडा आला तेव्हाही तिने मान खाली घालून सांगितलं, "हा आपण सोडून पुढे जाऊ." हे वाक्य उच्चारणाऱ्या स्वतःबद्दल तिला जे वाटलं ते फारसं बरं नव्हतं. अमीबा कसा दुभंगतो यावर तिने पाऊण तास घालवला होता.

वर्ग सुटल्यावर अफशाँ मागे थांबली. मोहियुद्दीनभाई आणि सकिनाबाईंची ही थोरली मुलगी. मोहियुद्दीनभाई मूळचे गुहागरकडचे. अल खफजीला तेलकंपनीत स्टोअरकीपर होते. सरहद्दीवरचं ते गाव रिकामं केलं तेव्हा दोन सुटकेसा घेऊन इथे येऊन राहिले होते.

"दीदी," अफशाँ म्हणाली, "इस चॅप्टर के नौ मार्क्स हैं. ते कोण देणार? विभावरी आंटी?"

नूपुरला हसू आलं आणि लाजही वाटली. "पुस्तक तुझं आहे," ती म्हणाली. "पिनासुद्धा आता तुझ्याच."

एवढंच. पण त्यानंतर तिने ती कॅसेट दिली, आणि तिथे जबाबदारी सरळ तिच्यावर येत होती. पाचव्या व्हिलातलं जर्मन कुटुंब जाताना एक खोकाभर कॅसेटी टाकून गेलं होतं. विभावरीकाकूंनी तो खोका नूपुरकडे पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बघून सांग, फॅमिलीसाठी चालतील का.' बहुतेक कॅसेटींत फुटबॉल होतं. एकीत जुना मूकपट होता. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा असावा, काळापांढरा, आवाज अजिबात नाही, मधेमधे जर्मन अक्षरांच्या पाट्या. नूपुरने तो तीन वेळा पाहिला. वहीत पाट्या उतरवून घेतल्या, एकूण एकेचाळीस. अर्थ लिहून तो कागद कॅसेटला रबर लावून अफशाँला दिला. तो कागद मात्र दप्तरात सापडला नव्हता. मुलगी हुशार होती. पिना जपून ठेवायच्या आणि कागद नाही, हे तिला समजत होतं. कॅसेट कोणी दिली हेही तिने सांगितलं नव्हतं; ती तिने खोक्यातून चोरली असंच सगळे धरून चालले होते.

सोमवारी दुपारी मोहियुद्दीनभाई खळदकरांकडे गेले. गुरुवारी सकाळी कमिटीची बस जेद्दाहला जाणार होती, तिथून मुंबईचं विमान. बसची यादी खळदकरांच्या ताब्यात होती.

"माझ्या पोरीला एक सीट द्या," ते म्हणाले. "गुहागरला तिची फुफी हाय. तिनं निकाहासाठी एक जागा बघून ठेवलीय. बोर्ड-बिर्ड खलास."

यादीत नाव घातलं की संपलं होतं. पण खळदकर साहेब पद्धतशीर गृहस्थ होते. ऑफिसात एक पेन्सिल हवी असली तरी तीन सह्या घेणारे. ते म्हणाले, "मोहियुद्दीन, मी स्वतः ओपन माइंडेड माणूस आहे. पिनांचं प्रकरण सिद्ध आहे. कॅसेटचं मात्र आधी पाहायला हवं. पुराव्याशिवाय निर्णय घेणं बरोबर नाही."

म्हणजे काय, तर कॅसेट त्यांना पाहायची होती.

मंगळवारी दुपारी चार वाजता खळदकरांच्या हॉलमध्ये कमिटी जमली. खळदकर साहेब मधल्या कोचावर होते. शेजारी नूपुरचे वडील, सुरेश, कमिटीचे सेक्रेटरी आणि नोकरीत खळदकरांच्या हाताखालचे, मांडीवर वही घेऊन. फकरुद्दीनचाचा, दम्माममध्ये बांधकामाच्या सामानाचं दुकान असलेले वयस्क गृहस्थ, बोटांत तसबीहची माळ. मोहियुद्दीनभाई खुर्चीच्या अगदी कडेवर. विभावरीकाकू टीव्हीच्या बाजूला स्टुलावर, हातात खजुराच्या खोक्याचं झाकण. लायब्ररीच्या नव्या सिनेमात काही आलं की हे झाकण पडद्यासमोर धरायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्यासाठी सिनेमा त्यांना आधी दोनदा पाहावा लागे, एकदा कुठे धरायचं ते कळायला आणि एकदा सरावाला.

मधल्या टेबलावर आगपेटी होती.

अफशाँला आणि सकिनाबाईंना आत बोलावलं नव्हतं. त्या दोघी स्वयंपाकघराच्या दारात सतरंजीवर बसल्या होत्या. तिथून टीव्ही दिसत नव्हता, माणसं दिसत होती.

नूपुरला भाषांतरासाठी टीव्हीजवळ उभं केलं होतं. वडील हळूच म्हणाले, "बाळा, जपून सांग हं."

"काय जपायचं, बाबा?"

"सगळंच," ते म्हणाले, आणि वहीवर तारीख घालू लागले.

रात्रभर ती विचार करत होती. खोटं सांगणं सोपं होतं. पाटी सहा-सात सेकंद राहते आणि या खोलीत कोणाला जर्मनचं ओ की ठो येत नाही. 'तू माझ्या प्रश्नाचं उत्तर का देत नाहीस?' याऐवजी 'चला, प्रार्थनेची वेळ झाली' म्हटलं की काम झालं. पण एकेचाळीस पाट्यांची खोटी गोष्ट चित्रांशी जुळली पाहिजे, आणि एक जरी पाटी जुळली नाही तरी अफशाँ गुरुवारच्या बसमध्ये बसणार. शिवाय तिला अशी एक आशा होती, जिची पुढे तिला स्वतःलाच कीव आली. तिला वाटत होतं की खरंखरं सांगितलं तर या माणसांना त्या पडद्यावर स्वतःचीच तोंडं दिसतील. आणि दिसली तर शरम वाटेल.

कॅसेट सुरू झाली. खळदकर म्हणाले, "आवाज गेला काय?" आणि उठून टीव्हीला दोन थपडा मारल्या.

"मूकपट आहे, काका."

"मूकपट! म्हणजे जुना. म्हणजे चांगला असणार," फकरुद्दीनचाचा म्हणाले. आणि आवाज नव्हता असंही नाही, वरून विमानं जात होती.

गोष्ट अशी होती. एका लहान गावात घड्याळजीची मुलगी आहे, पंधरा वर्षांची. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, पण ती काही महिने मावशीकडे जाऊन येते आणि तिच्या मागोमाग घरात एक बाळ येतं. मुलगी विचारते, हे कुठून आलं? आई म्हणते, करकोच्याने आणलं. मुलगी गच्चीवर जाऊन तीन दिवस करकोच्यांचं निरीक्षण करते आणि वहीत नोंदी ठेवते. करकोचे काहीही आणत नाहीत, फक्त बेडूक. मग ती शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना एका ओळीचं पत्र लिहिते.

पाटी आली. नूपुरने वाचली, "'माणूस कुठून येतो, हे मला सांगाल का?'"

 विभावरीकाकूंनी झाकण अर्धवट उचललं. पण पडद्यावर फक्त अक्षरं होती, म्हणून परत खाली ठेवलं.

पुढे ते पत्र गावभर फिरतं. मास्तर वाचतात आणि हेडमास्तरांकडे नेतात. हेडमास्तर चष्मा पुसतात, पत्र नाकापाशी धरतात, वाचतात, पुन्हा वाचतात, लाल होतात आणि खिशात घालतात. रात्री खिशातून काढून परत वाचतात. मग पाद्री. मग डॉक्टर, जो मुलीला लोहाच्या टॉनिकची बाटली देतो. मग नगराध्यक्ष. सगळे तेच करतात: चष्मा, नाक, पुन्हा एकदा, खिसा. या पत्रात आहे तरी काय, तर एक ओळ. ज्याने कोणी हा सिनेमा काढला त्याला ही माणसं आतून बाहेरून ठाऊक होती. नूपुर पहिल्यांदा पाहताना पोट धरून हसली होती.

"रिवाइंड करा जरा," खळदकर म्हणाले. "ते पत्राचं नीट लक्षात आलं नाही."

रिवाइंड केलं. नूपुरने ओळ पुन्हा वाचली. खळदकरांनी चष्मा काढून पुसला.

एका दृश्यात थोरली बहीण खोलीत बाळाला कुशीत घेऊन बसलेली होती. पाठमोरी, डोक्यापासून पायापर्यंत कपड्यांत. विभावरीकाकूंचं झाकण विजेसारखं वर गेलं. खळदकर डावीकडे कलले, मोहियुद्दीनभाई उजवीकडे. फकरुद्दीनचाचांनी डोळे मिटले, तसबीहचे मणी जरा जलद सरकले, आणि मग डोळे किंचित किलकिले झाले. "गेलं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

मग आला पंचांच्या सभेचा भाग. नूपुर त्याचीच वाट पाहत होती. लांब टेबल, नऊ दाढीवाले, मधोमध ते पत्र. मुलीला दाराबाहेर उभं केलंय. प्रत्येक जण उठून बोलतो, हात उंचावतो, बसतो. कारकून सगळं लिहून घेतो. नूपुरने पडद्याकडे पाठ केली आणि प्रेक्षकांकडे पाहिलं. मधलं टेबल, भोवती पाच जण, मधोमध आगपेटी, दाराबाहेर मुलगी, आणि तिचे वडील वहीत लिहून घेत होते. प्रयोगशाळेत इतकं स्वच्छ जुळणारं काही तिच्या हाती कधी लागलं नव्हतं. आता, तिला वाटलं. आता कळेल.

"वा!" खळदकर म्हणाले. "प्रोसीजर बघा. मिनिट्स लिहितायत. जर्मन लोक उगीच नाही पुढे गेले."

"हेडमास्तर मोठा बाणेदार हाय," मोहियुद्दीनभाई म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"आणि सगळे एकमताने," विभावरीकाकू म्हणाल्या. "नाहीतर आपल्याकडे."

नूपुर पाट्या वाचत राहिली. तिचा आवाज हळूहळू कोरडा पडला. 'या प्रश्नाने आमच्या गावाचा पाया हादरला आहे.' "बरोबर," खळदकर म्हणाले. 'ज्ञान ही मोठ्यांची मालमत्ता आहे.' "करेक्ट." 'मुलीला सुधारगृहात पाठवावे, गुरुवारच्या गाडीने.' "गुरुवारच!" मोहियुद्दीनभाई जवळजवळ उठलेच. एक शब्दही तिने बदलला नव्हता. सिनेमा त्यांच्या थोबाडीत मारत होता, आणि ते दुसरा गाल पुढे करून म्हणत होते, किती छान हात आहे.

मुलगी गाडीत बसली, आणि त्याच क्षणी भोंगा झाला.

नूपुरने घड्याळ पाहिलं, पाच वाजून बारा मिनिटं. भोंग्यापासून स्फोटापर्यंतचा वेळ टिपायची तिला सवय लागली होती. सगळे धावत बेडरूममध्ये शिरले, त्यांच्यात सकिनाबाई आणि अफशाँही. खळदकरांनी दार लावलं, सुरेशरावांनी फटीला पट्टी मारली. बादलीतले ओले टॉवेल वाटले गेले. कंपनीने गॅस मास्क फक्त वरच्या ग्रेडला दिले होते, म्हणजे या खोलीत एकच होता. वेल्फेअर कमिटीच्या चेअरमननी तो शांतपणे डोक्यावर चढवला आणि सगळ्यांना काहीतरी सूचना दिल्या. आतून नुसतं घुंऽघुंऽ ऐकू आलं.

"काय म्हणतायत?" चाचांनी विचारलं.

"घाबरू नका म्हणतायत," विभावरीकाकू टॉवेलातून म्हणाल्या. आणि मग एकदम ताठ झाल्या. "अगंबाई! ते चालूच राहिलं!"

"काय?"

"व्हिडिओ! पुढे काय असेल, कोण जाणे. उघड्यावर चालू आहे तो!" त्या खरोखर दाराकडे निघाल्या. तिघांनी मिळून त्यांना खाली बसवलं. बाहेर क्षेपणास्त्र पडेल याची भीती होती, पण रिकाम्या हॉलमध्ये, एकाही माणसाच्या नजरेसमोर नसताना, सिनेमा चालू आहे याची जास्त होती.

नूपुर आणि अफशाँ पलंगाला टेकून शेजारी बसल्या होत्या.

"दीदी," अफशाँने कुजबुजून विचारलं, "आता एंडिंग चाललं असेल ना?"

"हो."

"त्यांना दिसणार नाही."

"नाही."

अफशाँने टॉवेल तोंडावर धरला. डोळ्यांवरून नूपुरला कळलं की ती हसतेय, आणि रडतेयसुद्धा.  परवा तिला बसमध्ये बसवणार होते, हे ती क्षणभरही विसरलेली नव्हती.

अर्ध्या तासाने धोका टळल्याचा भोंगा झाला. स्फोट झालाच नव्हता. कोणीतरी चुकून बटण दाबलं होतं म्हणे. हॉलमध्ये टीव्हीवर मुंग्या लागल्या होत्या, कॅसेट संपून गेली होती. खळदकरांनी मास्क काढला. त्याचा लाल वळ गालांवर तसाच घेऊन ते कोचावर बसले.

"पुन्हा लावायची का?" सुरेशरावांनी विचारलं.

"मगरिबच्या नमाजची वेळ झालीय," चाचा म्हणाले. "शेवट सांग ना बाय. तू बघितलायस ना?"

सगळ्यांनी नूपुरकडे पाहिलं. आगपेटी टेबलावर तशीच होती. खळदकरांच्या गुडघ्यावर बसची यादी होती, तिला पेन अडकवलेलं.

"ती सुधारगृहात जाते," नूपुर म्हणाली. "तिथे चाळीस मुली असतात. सगळ्या अशाच काहीतरी कारणाने पाठवलेल्या."

"बरं. मग?"

"मग एके दिवशी ती मुलगी पत्र लिहायला बसते. तिचं बघून बाकीच्याही बसतात. चाळीसही जणी पत्रं लिहितात."

"कोणाला?"

"हेडमास्तरांना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर चाळीस पत्रं येऊन पडतात. संपतो तिथे."

 विभावरीकाकूंचा चेहरा उजळला. त्यांनी पदराने डोळे टिपले.

"बिचाऱ्या," त्या म्हणाल्या. "माफी मागितली."

नूपुरने तोंड उघडलं. आयुष्यात तिने तापमापीचं माप कधी वरखाली करून लिहिलं नव्हतं. ज्या आकड्यात शंका, तो तिने परत मोजला होता. तिने दाराकडे पाहिलं. अफशाँ श्वास रोखून उभी होती.

तिने तोंड मिटलं.

"केवढा संदेश आहे!" खळदकर म्हणाले. "आणि किती तोलून. एक शब्द न बोलता. मोहियुद्दीन, अरे, हा तर संस्कारपट आहे. असा सिनेमा जी मुलगी चोरून का होईना बघते, तिची ओढ चांगल्याकडेच आहे."

"पण पिना, साहेब?"

"पिना आहेतच. त्याची शिक्षा सिनेमातच सांगितलीय. पत्र लिहू दे. नव्हे, एकटीच कशाला? शुक्रवारी हॉलमध्ये अकराही मुलांना हा सिनेमा दाखवू, नूपुर सांगेल, आणि मग सगळ्यांनी मला पत्र लिहायचं. त्या मुलींसारखं. सुरेश, लिहा ठराव."

सुरेशरावांनी लिहिला. मोहियुद्दीनभाई अजून गोंधळलेले होते. मुलीला बसमध्ये घालायला आलेल्या माणसाला मुलगी संस्कारी निघाल्याचं कळलं होतं, आणि दोन्हीपैकी काय अपमानास्पद ते त्यांना ठरवता येत नव्हतं. पण चेअरमन एवढे खूश, चाचाही मान डोलावतायत, मग नाही कसं म्हणणार? शेवटी ते म्हणाले, "साहेब म्हणतायत तर देऊ दे परीक्षा."

खळदकरांनी पेन काढलं आणि यादी बाजूला ठेवली. नूपुरला आनंद झाला. त्याच्या तळाशी मात्र असा काही तिटकारा दाटून आला की तिने पाणी मागितलं. तिला त्यांना लाजवायचं होतं, आणि ते लाजणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या मूर्खपणाने मुलीला वाचवलं होतं. शहाणपणाने वाचवावं एवढं तिथे ते नव्हतंच.

पाणी सकिनाबाईंनी आणून दिलं. ग्लास देताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "माफीची पत्रं लिहिताना पोरी हसत नाय."

नूपुरने दचकून पाहिलं.

"ह्यांना द्यायच्या आधी मी पूर्ण बघितली ती," सकिनाबाई म्हणाल्या. "जर्मन येत नाय मला. हसू वाचता येतं. पिना मी सापडवल्या ना, चूक माझी. म्हणून गप होते." मग ग्लास परत घेऊन त्या मोठ्याने म्हणाल्या, "चला गं अफशाँ, चपात्या करायच्यात."

बुधवारी बातमी आली की इराकी फौजा सरहद्द ओलांडून अल खफजीत शिरल्या. मोहियुद्दीनभाईंचं घर, फ्रिज, दिवाणाखाली ठेवलेल्या हंड्या, सगळं आता शत्रूच्या ताब्यात होतं. ते दिवसभर रेडिओला कान लावून बसले होते. संध्याकाळी त्यांनी फकरुद्दीनचाचांना विचारलं, "शुक्रवारी पोरगी पत्रात नेमकं काय लिहील? इंग्लिशमध्ये लिहील ना? साहेबांपुढे चुका नको."

गुरुवारी सकाळी बस जेद्दाहला गेली. अफशाँचं नाव यादीत नव्हतं. पुढची बस केव्हा, कोणी सांगू शकत नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर कम्युनिटी हॉलमध्ये अकरा मुलं खाली बसली. त्यांत खळदकरांचा मुलगा इंद्रनीलही होता, बापासारखाच चष्मा लावणारा. मोठी माणसं मागच्या बाजूला रेडिओभोवती जमली होती. खफजी परत मिळाल्याचं बातम्यांत सांगत होते. सिनेमा तर त्यांचा पाहून झाला होता. विभावरीकाकू शंकरपाळ्यांचे डबे उघडत होत्या. झाकण त्यांनी घरी ठेवलं होतं. संस्कारपटाला काय करायचंय झाकण.

नूपुरने पाट्या वाचल्या, तशाच, एकही शब्द न बदलता. मुलं हेडमास्तरांच्या पहिल्या चष्म्यापासूनच खुदखुदू लागली. सभेचा भाग आला तेव्हा इंद्रनीलने वळून मागे रेडिओभोवतीच्या घोळक्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एखादं गणित सुटल्यावर होतो तसा झाला. "ओह माय गॉड," तो पुटपुटला. जे पाच मोठ्यांना दीड तासात दिसलं नाही, ते त्याला दीड मिनिटात दिसलं.

भोंगा झाला नाही. शेवट आला. चाळीस मुली, चाळीस टाक, आणि पत्रांवरून हळूहळू सरकत जाणारं चित्र. प्रत्येक पत्रावर एकच ओळ, वेगवेगळ्या अक्षरांत. नूपुरने ती वाचली. फार मोठ्याने नाही, पुढच्या रांगा ओलांडून जाणार नाही एवढ्या आवाजात.

"'माणूस कुठून येतो, हे मला सांगाल का?'"

पडद्यावरच्या मुली हसत होत्या. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आलेल्या विभावरीकाकू तेवढंच पाहून थबकल्या. "बघितलं?" त्या मुलांना म्हणाल्या. "चूक कबूल केली की मन असं मोकळं होतं. घ्या आता कागद."

अकरा कागद वाटले. अकरा डोकी खाली झुकली. अफशाँने खिशातून आगपेटी काढून शेजारी ठेवली. कमिटीने पुरावा परत दिला होता. काम संपलं होतं त्यांचं. कोणी कोणाच्या कागदात डोकावलं नाही, कोणी काही विचारलं नाही. चार मिनिटांत सगळ्यांचं लिहून झालं. अफशाँने घड्या घातलेले कागद गोळा केले, आगपेटीतल्या पिना काढल्या आणि एकेक कागद, तिन्ही बाजूंनी नाही, फक्त वरच्या कोपऱ्यात, एकेका पिनेने बंद केला. अकरा लागल्या. अकरा उरल्या.

"शाबास," खळदकर साहेब म्हणाले. त्यांनी गठ्ठा घेतला, वजन केल्यासारखा हातात तोलला आणि रेडिओ बंद करायला सांगितलं. "तुमच्यासमोरच वाचतो. तुमच्या भावना सगळ्यांना कळू देत."

पिन काढताना त्यांच्या बोटाला थोडी टोचली. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. कागद उजेडाकडे केला, नाकापाशी धरला आणि वाचू लागले.

नूपुरने सवयीने घड्याळाकडे पाहिलं.